शेततळ्यातल्या माशांचे हाल कसे टाळायचे: नागपूरकडच्या मत्स्यपालकासाठी पायरी-पायरीने

माझ्या शेततळ्यातले मासे पहिल्यांदा मेले ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. तीन दिवस आभाळ दाटून होतं, ऊन पडलंच नव्हतं. चौथ्या रात्री मिरगाचा जोरदार पाऊस झाला. सकाळी आठला वावरात गेलो तर कटले पांढरं पोट वर करून काठाला लागले होते. मोठे आधी गेले होते. लहान अजून पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून धापा टाकत होते. मला वाटलं रोग आला. शेजारच्या गावातले, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे एक बाबा बघायला आले. त्यांनी कल्ले उघडून पाहिले, ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "बिमारीनं नाही मेले भाऊ, दम कोंडून मेले. रात्री येऊन पाह्यलं असतं तं दिसलं असतं."

ते वाक्य मला अजून टोचतं. बकरी आजारी पडली की ओरडते, गाय चारा सोडते, आणि आपण धावतो. मासा पाण्याखाली असतो, आपण काठावर. त्याचे हाल आपल्याला दिसायला लागतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून मत्स्यपालनात काळजी घेणं म्हणजे आधी बघायला शिकणं, असं मी मानतो. खाली जे लिहिलं आहे ते रोहू, कटला, मृगळ पाळणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला समोर ठेवून लिहिलं आहे. बोडी (गावाकडचं छोटं तळं) किंवा गावतळं ठेक्याने घेणाऱ्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

माशाला खरंच दुखतं का, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. २००३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउट माशाच्या ओठात वेदना होईल असं द्रव्य टोचून पाहिलं. त्या माशांनी कितीतरी वेळ खाणं सोडलं, तळाच्या खड्यांवर ओठ घासले, आणि वेदनाशामक दिल्यावर हे वागणं कमी झालं. आपला कायदाही त्यापासून दूर नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. त्यात मासा आलाच.

१. आधी मे महिन्याचं पाणी मोजा

सगळ्यात मोठी चूक तळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायच्या दिवशीच होते. ऑगस्टमध्ये तळं काठोकाठ भरलेलं असतं आणि आपण त्या पाण्याकडे बघून बी सोडतो. पण मासे मे महिन्यातही त्याच तळ्यात राहणार आहेत, आणि तोपर्यंत ते वाढलेले असणार आहेत.

'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं घ्या. पूर्ण भरलं तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात संत्र्याच्या बागेला पाणी दिलं, काही बाष्पीभवनाने गेलं आणि खोली तीनवरून दीड मीटरवर आली, तर उरतं किती? अर्धं वाटतं, पण तळ्याच्या भिंती उताराच्या असल्याने साधारण पावणेदहा लाख लिटरच उरतं. अर्ध्याहून कमी. त्यात मासे आधीपेक्षा कितीतरी पटीने जड झालेले.

म्हणून हिशोब उलटा करा. बागेला किती पाणी लागतं ते आधी काढा, मेअखेर किती उरेल ते बघा, आणि त्यावरून संख्या ठरवा. कार्प माशांसाठी हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली असं सर्वसाधारण प्रमाण सांगतात. ३० बाय ३०चं तळं म्हणजे नऊ गुंठ्यांच्या आसपास, तर हिशोब ४५० ते ९०० बोटुकल्यांचा येतो. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल, वीज रात्रीची भरवशाची नसेल, तर मी सरळ ४००-४५० म्हणतो. "दोन हजार सोडा, काही मरतीलच" असं सांगणारे भेटतात. त्या मरणाऱ्यांचाच तर प्रश्न आहे. आणि गर्दीत वाचलेलेही वर्षभर कोंडलेले, कमी वाढलेले, माशांच्या अंगावर पडणाऱ्या उवांनी पोखरलेले राहतात.

प्रजातींचं प्रमाणही तळं बघून ठरवा. कटला वरच्या थरात, रोहू मध्ये, मृगळ तळाशी चरतो. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याच्या बुडाला चिखल नसतो, त्यामुळे मृगळाला तिथे चरायला फारसं काही मिळत नाही. तिथे मृगळ कमी ठेवा.

थाई मागूर हा परदेशी मासा कोणी गळ्यात मारू पाहत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली आहे. घाण पाण्यातही तगतो म्हणून त्याला सडलेल्या मांसावर, दाटीवाटीने ठेवतात. तगतो म्हणजे सुखात असतो असं नाही.

२. तळं तयार करताना

बी सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे काढायला आपल्याकडे मोहाची ढेप टाकतात. हेक्टरला, एक मीटर पाण्याच्या खोलीला, दोन ते अडीच हजार किलो असं तिचं प्रमाण. त्यातलं सॅपोनिन नावाचं द्रव्य माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं आणि मासा गुदमरून मरतो. ढेप स्वस्त आहे, नंतर खत होते, हे खरं. पण नागपूरच्या मे महिन्यात आपल्याकडे याहून चांगला उपाय फुकट आहे. शक्य असेल तेव्हा तळं पूर्ण उपसा. पाणी टोंगळाभर (गुडघाभर) असतानाच जाळं ओढून मासे काढा, मग बूड पंधरा दिवस उन्हात भेगा पडेपर्यंत वाळू द्या. चिखल मरतो, उवांची अंडी मरतात आणि विषाची गरज राहत नाही. उपसता येत नसेल आणि ढेप टाकावीच लागली, तर जाळ्याने शक्य तेवढे मासे आधी काढून घ्या, आणि ढेपेनंतर निदान तीन आठवडे बोटुकली सोडू नका.

चुन्याबद्दल एक गोष्ट. पुस्तकात हेक्टरी २००-२५० किलो लिहिलेलं असतं म्हणून सगळे टाकतात. आपली काळी कापसाची माती मुळातच अल्कधर्मी आहे. पीएच (पाणी आम्ल आहे की अल्क ते सांगणारा आकडा) तपासल्याशिवाय चुना टाकू नका. पीएच वाढवून ठेवला की अमोनिया जास्त विषारी होतो, ते पुढे सांगतो.

प्लास्टिकच्या तळ्यात कडांना घड्या पडलेल्या असतील तर सरळ करा. त्या घड्यांत शेवाळ आणि विष्ठा साचते, आणि जाळं ओढताना मासे तिथेच अडकून खरचटतात.

३. बोटुकली आणताना

मत्स्यजिरे (नुकती जन्मलेली, जिऱ्याएवढी पिल्लं), मत्स्यबीज (त्याहून थोडी मोठी), बोटुकली या तीन टप्प्यांपैकी नवख्याने बोटुकलीच घ्यावी. बोटाएवढं पिल्लू प्रवास आणि नवं पाणी सोसू शकतं. जिरे स्वस्त म्हणून घेतले तर त्यातले बहुतेक आपल्या डोळ्यांदेखत, किंवा खरं तर डोळ्यांआड, मरतात.

बीज केंद्रावर आधी फोन करून विचारा की प्रवासाच्या आदल्या दिवशी बोटुकली उपाशी ठेवणार का. पोट भरलेलं पिल्लू पिशवीत विष्ठा टाकतं आणि त्याच पाण्यात कोंडतं. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन असावा. लिटरला दोन-तीन ग्रॅम साधं मीठ घातलं तर माशांवरचा ताण कमी होतो. गाडी रात्री किंवा अगदी पहाटे निघेल असं बघा. उन्हात उभ्या टेम्पोतली पिशवी म्हणजे तापत ठेवलेलं भांडं.

तळ्यावर आल्यावर घाई नको. पिशव्या न सोडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं-थोडं आत घाला, पाच मिनिटांच्या अंतराने तीन-चार वेळा. शेवटी पिशवी आडवी करा आणि पिल्लं आपणहून बाहेर पडू द्या. ओतायचं नाही. संध्याकाळी सोडणं उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला किती मेलेली दिसतात ते मोजून वहीत लिहा. दोन-तीन वेळा आणल्यावर कोणाचं बी चांगलं येतं ते तुमची वहीच सांगेल.

४. पहाटेची फेरी

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

पाण्यातलं शेवाळ दिवसा ऊन खाऊन ऑक्सिजन देतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो वापरतात. त्यामुळे तळ्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या आधी, साधारण साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान. आपण सकाळी नऊला जातो तेव्हा ऊन पडून ऑक्सिजन परत वाढलेला असतो आणि मासे ठीक दिसतात. रात्रभर त्यांच्यावर काय गेलं ते आपल्याला कळतच नाही.

लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असेल तर कार्प मासे निवांत असतात. तीनच्या खाली ते ताणात जातात, एकाच्या आसपास मरायला लागतात. डीओ मीटर (पाण्यातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) किंवा थेंबांचं टेस्ट किट घेतलं तर छान. चार-पाच जणांनी मिळून एक घेतलं तरी चालतं. पण मीटर नसलं म्हणून थांबू नका. बॅटरी घेऊन पहाटे काठावर उभे राहा. प्रकाश थेट पाण्यात मारू नका, मासे बिचकतात. कडेने टाका.

काय बघायचं? मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करत असतील आणि तुमच्या पावलांच्या आवाजाने खाली गेले, तर ऑक्सिजन कमी आहे पण वेळ आहे. आवाज करूनही खाली जात नसतील, तर मिनिटं मोजायची वेळ आली. सगळे मासे पाणी येण्याच्या पाइपाजवळ गर्दी करून असतील तर तेही तेच सांगतात. एखादा मासा कडेला एकटा, तिरका पोहत असेल, अंग प्लास्टिकवर किंवा दगडावर घासत असेल, तर तो उवा किंवा कल्ल्यांच्या त्रासाचा इशारा. गोगलगायी आणि झिंगे काठावर चढून आलेले दिसले, तर तळाचं पाणी खराब झालंय असं समजा.

वाईट दिसलं तर लगेच करायचं ते असं. खाणं बंद. एअरेटर असेल तर सुरू. नसेल तर तळ्यातलंच पाणी पंपाने उचलून हवेत फवारत परत तळ्यात पाडा. पाइपाला भोकं पाडून किंवा पत्र्यावर आपटून, जेवढे थेंब बारीक तेवढं चांगलं. बोअरचं ताजं पाणी सोडायची घाई अनेक जण करतात. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. पाइप पाण्यात बुडवून सोडलं तर उलट नुकसान होतं, तेही वरून फवारूनच पाडलं पाहिजे. दुकानातल्या ऑक्सिजनच्या गोळ्या तात्पुरता आधार आहेत, एक रात्र निभावते एवढंच.

विजेचं आधी ठरवून ठेवा. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. सौर पंप दिवसा चालतो, आणि माशांना गरज रात्री असते. डिझेल पंप उसना मिळण्याची सोय, किंवा बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप, काहीतरी हाताशी असू द्या. एअरेटर असेल तर रात्री बारा-एकपासून उजाडेपर्यंत चालवा. माझी जूनमधली चूक याच ठिकाणी होती. तीन दिवस ढग, म्हणजे शेवाळाने ऑक्सिजन बनवलाच नाही. त्यात गार पाऊस पडला, वरचं गार पाणी खाली गेलं आणि तळाचं ऑक्सिजन नसलेलं, कुजकं पाणी वर आलं. सलग दोन दिवस ढग दिसले की आता मी खाणं थांबवतो आणि रात्री पंप चालवतो, मासे वर येवोत न येवोत.

फेरीतच पाण्याचा रंग बघून घ्या, पण तो उजाडल्यावर. हात कोपरापर्यंत सरळ पाण्यात घाला. कोपर बुडताना तळहात पुसट दिसत असेल तर ठीक. कोपर बुडायच्या खूप आधीच तळहात दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झालंय, रात्री धोका आहे. त्या दिवसापासून शेण आणि खत बंद करा. ताजं शेण पाण्यात कुजताना ऑक्सिजन खातं. उन्हाळ्यात तर शेण टाकूच नये.

अमोनियाचं गणित थोडं समजून घ्या, कारण हिरव्यागार तळ्यात ते फसवतं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. तो पाण्यात दोन रूपांत असतो, आणि त्यातलं एक विषारी. तीस अंश तापमानाला पीएच ७ असेल तर विषारी भाग एक टक्क्याहून कमी, पीएच ८ला सुमारे साडेसात टक्के, आणि पीएच ९ला ४० टक्क्यांच्या वर. हिरव्या पाण्याचा पीएच पहाटे ७.५ असला तरी दुपारी चारला ९ला टेकू शकतो. म्हणून पीएच एकदा नाही, पहाटे आणि दुपारी चारला असा दोनदा मोजा. दोन्हींत एकापेक्षा जास्त फरक असेल तर शेवाळ कमी करायची वेळ आली. थोडं पाणी बागेला द्या आणि तेवढंच नवं पाणी फवारून भरा. ते हिरवं पाणी संत्र्याला खतासारखंच लागतं.

५. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले दिवस

नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांची नोंद आहे. अशा दिवसात आपण कूलरपुढे बसतो. माशाला कूलर नाही, त्याचं अंग पाण्याच्याच तापमानाचं असतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. वीस अंशाला लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम, पस्तीसला जेमतेम सात. आणि तापल्या अंगाला ऑक्सिजन लागतो मात्र जास्त. प्लास्टिकच्या उथळ तळ्यात ही दोन्ही टोकं जवळ येतात.

खोली हाच खरा उपाय. मेअखेर निदान दीड, शक्यतो दोन मीटर पाणी राहील असं नियोजन करा. दुसरा उपाय सावली. बांबूचा चौकोनी सांगाडा बांधा, त्यावर धानाचं तणीस किंवा हिरवी जाळी पसरा आणि तो तळ्याच्या एका बाजूला तरंगत ठेवा. तळ्याचा चौथा-पाचवा भाग झाकला तरी मासे तिथे गोळा होतात, दुपारी जाऊन बघा. पूर्ण तळं झाकू नका, शेवाळालाही ऊन लागतं.

या पंधरवड्यात जाळं ओढणं, वजन तपासणं, मासे हलवणं बंद. अगदी गरज पडली तर पहाटे पाचला, तेही दोन-चार मासेच.

६. खाणं

थोडक्यात सांगतो. मोठ्या माशांना अंगाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के खाणं रोज, लहानांना थोडं जास्त. भुईमुगाची ढेप आणि धानाचा कोंडा निम्मा-निम्मा हे जुनं मिश्रण चांगलं चालतं. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य असतं, ती मुख्य खाणं म्हणून देऊ नका. पाण्यावर भिरकावू नका. गोणीला खाली बारीक भोकं पाडून बांबूला टांगा, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. दोन तासांत संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी कमी करा. ऊन चढल्यावर, साडेआठ-नऊनंतर द्या. संध्याकाळी उशिरा दिलेलं खाणं रात्री ऑक्सिजन खातं.

७. फवारणीचे दिवस

कापूस आणि संत्र्याच्या पट्ट्यात मासे ठेवणाऱ्याने हे वाचावंच. सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी कीटकनाशकं माशांसाठी अत्यंत विषारी आहेत, अगदी थोड्या मात्रेतही. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली, पण नवीन औषधं माशाला सौम्य आहेत असा समज करून घेऊ नका.

तळ्याच्या चारही बाजूंनी बांध उंच ठेवा, म्हणजे पहिल्या पावसात वावरातलं पाणी थेट तळ्यात वाहून येणार नाही. बांधावर गवत वाढू द्या. फवारणी पंप तळ्यात धुऊ नका, रिकामे डबे तर नाहीच. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा: "काका, फवारणी करायच्या आदल्या दिवशी एक फोन करत जा." वाऱ्याची दिशा तळ्याकडे असेल तर त्यांनी एक दिवस थांबावं, एवढी विनंती कोणी नाकारत नाही, असा माझा अनुभव आहे.

८. थंडी, उवा आणि जखमा

डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचं तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं. पाणी हवेइतकं गार होत नाही, पण कार्प मासे थंडीत सुस्तावतात आणि खाणं कमी करतात. तेव्हा खाणं आपणहून कमी करा. पंगेशियस हा उबदार पाण्याचा मासा, उथळ तळ्यात त्याला इथल्या थंडीत ठेवू नये असं माझं मत आहे.

हिवाळ्यातच अंगावर लाल चट्टे पडून खोल जखमा होण्याचा रोग येतो. बुरशीसारख्या जंतूमुळे होणारा हा व्रणरोग भारतात १९८८ पासून ठाऊक आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यासाठी 'सिफॅक्स' हे औषध तयार केलं, प्रमाण हेक्टरला, एक मीटर खोलीला, एक लिटर. औषधाआधी पाणी आणि गर्दी सुधारा, नाहीतर जखमा परत येतात. मॅलाकाइट ग्रीन, क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही औषधं खाण्याच्या माशांत वापरायला बंदी आहे. दुकानदार सुचवेल तरी घेऊ नका.

आर्ग्युलस, म्हणजे माशांच्या उवा, डोळ्याला दिसतात. चपटी, पारदर्शक, कल्ल्यांच्या आणि परांच्या बुडाशी. त्यांची मादी अंडी घालायला कडक पृष्ठभाग शोधते. तळ्यात दहा-बारा बांबूच्या काठ्या किंवा जुन्या फळ्या उभ्या रोवा, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा आणि परत लावा. हे मला सगळ्यात आवडणारं तंत्र, कारण त्यात माशाला हातही लावावा लागत नाही.

पाणकावळे आणि खंड्या येतात म्हणून बारीक नायलॉनची जाळी टाकू नका, त्यात पक्षी अडकून मरतात. दोन हात अंतरावर ताणलेल्या जाड, दिसणाऱ्या दोऱ्या पुरतात.

काही अडलं तर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीलाच आहे. मेलेला मासा नेऊ नका. तो लवकर सडतो आणि त्यातून काही कळत नाही. आजारी पण जिवंत मासा आणि तळ्याच्या पाण्याची वेगळी बाटली घेऊन जा.

९. काढणी आणि मारणं

इथे आपण सगळ्यात कमी विचार करतो. मासा वर्षभर जपला आणि शेवटच्या तासात त्याला काठावर ढीग लावून तडफडू दिलं, तर आधीची काळजी अर्धवट राहिली.

काढणीच्या आदल्या दिवशी खाणं बंद करा. जाळं पहाटे ओढा. सगळे मासे एकदम कोपऱ्यात दाबू नका, थोडे-थोडे घ्या, म्हणजे खालच्यांवर वरच्यांचं वजन पडत नाही. गाठीचं खरखरीत जाळं असेल तर खवले निघतात, बिनगाठीचं जाळं वापरा. हात ओले ठेवा, कल्ल्यांत बोट घालून उचलू नका.

मग मारणं. आपल्याकडे रीत अशी की मासा टोपल्यात टाकायचा आणि तो आपोआप मरेपर्यंत वाट बघायची, किंवा जिवंतच बर्फात घालायचा. कार्प मासा चिवट आहे. हवेत तो कितीतरी वेळ जिवंत राहतो, आणि बर्फाने त्याचं शरीर मंदावतं म्हणून मरण लांबतं, सोपं होत नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमावलीतही हवेत गुदमरवणं आणि जिवंत बर्फात घालणं या रीती माशांसाठी वाईट मानल्या आहेत. आधी मासा बेशुद्ध करावा, मग मारावा, असं ती सांगते.

छोट्या तळ्यावर हे जमतं. एक लाकडी मोगरी लागते, कपडे धुवायची असते तशी. दोन माणसं असावीत. एकाने ओल्या फडक्याने मासा धरायचा, डोळे झाकले की तो शांत होतो. दुसऱ्याने डोळ्यांच्या थोडं मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला, मेंदूवर एक जोरदार, नेमका फटका द्यायचा. हळू मारलेले तीन फटके म्हणजे तिप्पट वेदना, म्हणून हात ठाम हवा. मग तपासा: कल्ल्यांची झाकणं हलायची थांबली का? मासा कडेवर कलता केल्यावर डोळा फिरून सरळ बघायचा प्रयत्न करतो का? करत असेल तर तो शुद्धीवर आहे, लगेच दुसरा फटका द्या. बेशुद्ध झाला की कल्ल्यांखालची रक्तवाहिनी कापून रक्त वाहू द्या आणि मगच बर्फात ठेवा.

पहिल्या दिवशी वेळ लागेल. पन्नास किलोला दोन माणसांना तास-दीड तास. व्यापारी घाई करेल. त्याला एक गोष्ट सांगा, तीही खरी आहे: तडफडून मेलेल्या माशाच्या स्नायूंतली साठवलेली शक्ती संपलेली असते, तो लवकर ताठरतो आणि मांस लवकर मऊ पडतं. झटक्यात मारलेला आणि रक्त काढलेला मासा बर्फात जास्त चांगला टिकतो. दोन खेपा तुमच्याकडून नेल्यावर त्याला स्वतःला फरक दिसेल.

जिवंत मासाच हवा असं म्हणणारे गिऱ्हाईक असतील, तर टबात पाणी मासे पूर्ण बुडतील एवढं ठेवा, बॅटरीवरचा हवेचा पंप लावा, टब सावलीत ठेवा आणि संख्या कमी ठेवा. गिऱ्हाइकाने मासा पसंत केला की त्याच्यासमोरच मोगरीने मारून द्या. पिशवीत तडफडत घरी पाठवू नका.

जाळ्यातून परत सोडलेल्या माशांना विसरू नका. ते घाबरलेले, खरचटलेले असतात. काढणीनंतर एक दिवस खाणं देऊ नका, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मं. आणि त्या रात्री गजर चारचा लावा, काठावर जाऊन वर तोंड काढणारं कोणी आहे का ते बघा.